लाल ठिपका किती मोठा असावा? पिस्तुलाच्या नेमासंबंधी एक अभ्यासपाठ

नेमबाजी हा खेळ आता केवळ मोठ्या शहरांपुरता उरलेला नाही. निमाड भागातील खरगोन जिल्ह्याच्या रतनपूर गावचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर यांनी भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत शिक्षण घेतले आणि २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत रायफल नेमबाजीत दोन सांघिक सुवर्णपदकांसह चार पदके मिळविली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक पटकाविले. अशा वार्ता गावोगावी पोहोचल्या की शाळांतील मुलामुलींना या खेळाची ओढ वाटू लागते आणि पालक शिक्षकांकडे चौकशी करू लागतात.

या चौकशीत एक प्रश्न हमखास असतो. बाजारात पिस्तुलावर बसविण्याची ‘रेड डॉट साइट’, म्हणजे लाल ठिपक्याची साइट, मिळते. ती घ्यावी काय? घेतल्यास ठिपका लहान असावा की मोठा? ही वस्तू स्वस्त नसते. घरातील कष्टाचा पैसा तीवर खर्च करावयाचा, तर तिचे माप काय, ते कसे निवडावे आणि ती कोठे चालते, हे आधी समजले पाहिजे. नेपानगर व परिसरातील शिक्षक, ग्रामस्थ आणि क्रीडाकार्याशी संबंधित अधिकारी यांना हा विषय वर्गातल्या गणिताप्रमाणे समजावा व समजावून देता यावा, या हेतूने हा पाठ दिला आहे.

१. साइट म्हणजे काय?

नेम धरण्याची जुनी रीत अशी. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक लहान उभा तुकडा असतो, त्यास माशी म्हणतात. मागच्या बाजूला चौकोनी खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी दिसली, तिच्या दोन्ही अंगांना सारखा उजेड राहिला आणि दोहोंचे माथे एका पातळीत आले, म्हणजे पिस्तूल सरळ धरले गेले असे समजावे. या रचनेस खुली साइट म्हणतात.

लाल ठिपक्याच्या साइटीत माशी व खाच यांचे काम प्रकाशाकडून करून घेतलेले असते. एक छोटा दिवा वक्र काचेच्या नाभिस्थानी बसविलेला असतो. त्याचे किरण काचेवरून परतताना समांतर होऊन डोळ्यात शिरतात. त्यामुळे ठिपका काचेवर नसून दूर लक्ष्याच्याही पलीकडे आहे, असा भास होतो. डबलिनचे शास्त्रज्ञ सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली या तत्त्वावर चालणारी साइट मांडली. तीस विजेचा दिवा जोडून हातातील शस्त्रास उपयोगी असे उपकरण स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने १९७५ च्या सुमारास बाजारात आणले. पिस्तुलावर मावेल इतके लहान रूप पुढील काळात तयार झाले.

येथे एक समज दूर केला पाहिजे. या साइटीतून लक्ष्यावर लाल किरण पडत नाही. ठिपका फक्त नेम धरणाऱ्यास दिसतो, समोरच्यास नाही. लक्ष्यावर किरण टाकणारे लेझर हे उपकरण निराळे.

२. ठिपक्याचे माप : अंश आणि कला

ठिपका लक्ष्याच्या अंतरावर भासत असल्याने त्याचे माप मिलिमीटरमध्ये सांगता येत नाही. ते कोनात सांगतात. वर्तुळाचे ३६० अंश आणि एका अंशाच्या ६० कला, हे गणित पंचांग पाहणाऱ्या घरांना अपरिचित नाही. साइटीच्या खोक्यावर जो ‘एमओए’ हा शब्द छापलेला असतो, त्याचा अर्थ हीच कला होय.

पूर्ण वर्तुळात २१,६०० कला असतात. परीघ २१,६०० धरल्यास त्रिज्या सुमारे ३,४३८ येते. आर्यभटाने इसवी सन ४९९ मधील आपल्या ग्रंथात ज्यांची सारणी देताना हीच त्रिज्या घेतली होती. आपल्या कामापुरता तिचा अर्थ असा की, जी वस्तू आपल्या रुंदीच्या ३,४३८ पट अंतरावर आहे, ती डोळ्याशी एक कलेचा कोन करते. दहा मीटर म्हणजे १०,००० मिलिमीटर. त्यास ३,४३८ ने भागल्यास २.९ मिलिमीटर येतात. म्हणून दहा मीटरवर एक कला म्हणजे २.९ मिलिमीटर, पंचवीस मीटरवर ७.३ मिलिमीटर आणि पन्नास मीटरवर १४.५ मिलिमीटर.

यावरून एक सोपे सूत्र मिळते :

झाकली जाणारी रुंदी (मि.मी.) = अंतर (मीटर) × ठिपका (कला) × ०.२९

कलेची कल्पना मनात ठसावी म्हणून दोन उदाहरणे पुरेशी होतील. पौर्णिमेचा चंद्र आपल्या डोळ्याशी सुमारे ३१ कलांचा कोन करतो. नेत्रतपासणीच्या तक्त्यावरील सहा मीटरच्या ओळीतील अक्षर ५ कलांचे असते, म्हणजे सहा मीटर अंतरावर ते सुमारे ८.७ मिलिमीटर उंच भरते. त्या अक्षरातील एकेका रेघेची जाडी एक कला असते. निकोप डोळ्याची बारकावा ओळखण्याची मर्यादा साधारण तेवढीच.

३. लक्ष्याशी तुलना

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या संथ फेरीसाठी जे लक्ष्य असते, त्यातील काळा गोल २०० मिलिमीटर व्यासाचा आणि दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे काळा गोल २७ कलांहून थोडा अधिक, चंद्राहून किंचित लहान. दहाचे वर्तुळ सुमारे ७ कला. आता निरनिराळे ठिपके या लक्ष्यावर ठेवून पाहावेत :

२ कलांचा ठिपका २५ मीटरवर १४.५ मि.मी. भाग झाकतो.
३ कलांचा ठिपका सुमारे २२ मि.मी. भाग झाकतो.
६ कलांचा ठिपका सुमारे ४४ मि.मी. झाकतो, म्हणजे दहाचे वर्तुळ जवळजवळ भरून टाकतो.
८ कलांचा ठिपका सुमारे ५८ मि.मी. झाकतो, म्हणजे दहाच्या वर्तुळाबाहेर जातो.

अंतर दुप्पट झाले की झाकला जाणारा भागही दुप्पट होतो. पन्नास मीटरवर त्याच आकाराचे लक्ष्य असल्यास ६ कलांचा ठिपका ८७ मि.मी. व्यापतो, तर ३ कलांचा ठिपका ४४ मि.मी. व्यापतो. उलट, २५ मीटरवरील जलद फेरीच्या लक्ष्यात दहाचे वर्तुळच १०० मि.मी. असते. तेथे ८ कलांचा ठिपकाही सुखाने सामावतो.

४. सर्वांत लहान तोच सर्वांत चांगला काय?

वरील आकडे पाहून असे वाटेल की, ठिपका जितका बारीक तितका नेम अचूक. अनेक नवशिके येथेच फसतात. कागदावर हे म्हणणे बरोबर आहे, परंतु पिस्तूल कागदावर ठेवलेले नसते. ते लांब केलेल्या हातात असते आणि हात कधीही पूर्णपणे स्थिर राहत नाही.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याचा हात १० कला इतका हलतो. २५ मीटरवर हे हलणे सुमारे ७ सेंटिमीटर होईल. त्याच्यासमोर २ कलांचा ठिपका असेल, तर तो आपल्या रुंदीच्या पाच पट अंतर इकडेतिकडे धावताना दिसेल. ६ कलांचा ठिपका आपल्या रुंदीच्या दुपटीहूनही कमी सरकेल. हात तोच, हलणे तेवढेच, पण पहिला ठिपका नाचतो आणि दुसरा डुलतो असे वाटते. नाचणारा ठिपका मध्यावर आला की विद्यार्थी घाईने घोडा ओढतो. या हिसक्याने जी चूक होते, ती ठिपक्याच्या आकारामुळे होणाऱ्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठी असते.

बारीक ठिपका दिसण्यासही अवघड. भर उन्हात तो शोधावा लागतो, म्हणून त्याचा प्रकाश वाढवला जातो. प्रकाश वाढला की ठिपका पसरतो आणि बारीकपणाचा लाभ उरत नाही.

यास्तव निवडीचा नियम असा सांगता येईल : ज्या अंतरावर बहुतेक सराव करावयाचा आहे, त्या अंतरावर ठिपक्याने लक्ष्याचा मध्यभाग भरावा, परंतु तो ओलांडू नये. त्यानुसार २५ मीटरपर्यंतच्या सरावास ५ ते ६ कला, जवळच्या व मोठ्या लक्ष्यांवर जलद नेम धरण्यास ६ ते ८ कला, पन्नास मीटरवर सावकाश नेम धरण्यास २ ते ३ कला, आणि एकाच साइटीवर सर्व भागवावयाचे असल्यास ३ ते ४ कला, ही मापे सोयीची ठरतात. काही साइटींत ३२ कलांचे वर्तुळ आणि त्याच्या मध्ये २ कलांचा ठिपका असतो. वर्तुळ डोळ्यास चटकन सापडते व ठिपका बारीक नेमास उपयोगी पडतो.

५. खोके, खिडकी आणि बैठक

‘साइटीचा आकार’ या शब्दाने ठिपक्याखेरीज आणखी दोन गोष्टी सूचित होतात. पहिली, ज्या काचेतून पाहावयाचे तिची खिडकी. खिडकी मोठी असल्याने ठिपका मोठा होत नाही, मात्र मनगट थोडे वाकडे झाले तरी तो नजरेआड जात नाही. नवशिक्यास म्हणून रुंद खिडकी सोयीची. परंतु खिडकीबरोबर खोके व वजनही वाढते. लहान पिस्तुलावर मोठे खोके बसविल्यास ते दोन्ही अंगांनी बाहेर येते आणि पिस्तुलाचा तोल बिघडतो.

दुसरी गोष्ट बैठकीची. साइट स्क्रूने ज्या जागी बसते तेथील भोकांची मांडणी सर्व कंपन्यांची एकसारखी नसते. पिस्तुलाची बैठक व साइटीचा तळ जुळतात की नाही, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष बसवून पाहावे. न जुळणारी साइट ओढूनताणून बसविल्यास ती प्रत्येक धक्क्याबरोबर सरकते, मग ठिपका कितीही योग्य मापाचा असो.

६. दोष साइटीचा की डोळ्याचा?

काहींना हा ठिपका गोल न दिसता शेपटीच्या ताऱ्यासारखा किंवा द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो. साइट सदोष आहे असे समजून ती परत केली जाते. बहुतेक वेळा कारण डोळ्यात असते. बुबुळाचा पडदा सर्व दिशांनी सारखा वक्र नसला, तर प्रकाशाचा बिंदू ओढल्यासारखा दिसतो. या दोषास दृष्टिवैषम्य म्हणतात व तो चष्म्याने सुधारता येतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून ठिपका पाहावा. कॅमेऱ्यात तो गोल दिसला, तर डोळे तपासून घ्यावेत. पैसा नव्या साइटीवर घालण्याऐवजी चष्म्यावर घालणे अशा वेळी शहाणपणाचे ठरते आणि मुलाचे फळ्यावरचे वाचनही सुधारते.

चाळिशीनंतर जवळचे अस्पष्ट दिसू लागते, त्यामुळे हातभर अंतरावरील माशी पुसट होते. लाल ठिपका दूरवर भासत असल्याने अशा व्यक्तींना तो उपकारक वाटतो. लाल रंग नीट न ओळखणाऱ्यांसाठी हिरव्या ठिपक्याच्या साइटीही मिळतात.

७. स्पर्धेचा नियम : पालकांनी आधी हे वाचावे

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ऑलिंपिक व आशियाई स्पर्धांतील पिस्तूल नेमबाजी आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी चालते. त्या नियमांनुसार पिस्तुलावर केवळ खुली साइट चालते. दुर्बीण, आरसा, लेझर अथवा प्रकाशाचा ठिपका दाखविणारी साइट यांस मनाई आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ साली जाकार्ता आशियाई स्पर्धांत २५ मीटर पिस्तुलात मिळविलेले सुवर्णपदक असो, वा मनू भाकर यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तुलात मिळविलेले कांस्यपदक असो, ही यशे माशी व खाच यांच्या जोरावरच मिळाली आहेत. लाल ठिपक्यास मुभा असणाऱ्या स्पर्धा जगात आहेत, जसे अमेरिकेतील बुल्सआय प्रकार किंवा चपळाईच्या पिस्तूल स्पर्धांतील काही विभाग, परंतु त्यांची वाट ऑलिंपिककडे जात नाही.

म्हणून ज्या मुलास राज्य व राष्ट्रीय पातळीवरून पुढे जावयाचे आहे, त्याच्या पालकांनी या साइटीवर खर्च करू नये. तो पैसा प्रशिक्षण, चष्मा व प्रवास यांसाठी राखावा.

मग वर शिकलेले गणित वाया गेले काय? मुळीच नाही. खुल्या साइटीतही माप निवडावेच लागते, ते माशीच्या रुंदीचे. डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर धरलेली ४ मि.मी. रुंद माशी सुमारे २० कलांची भरते. १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यातील काळा गोल ५९.५ मि.मी. व्यासाचा, म्हणजे तोही सुमारे २० कलांचाच. माशी आणि काळा गोल जवळजवळ सारख्या रुंदीचे दिसले की डोळ्यास त्यांच्या कडा जुळविणे सोपे जाते. या लक्ष्यातील दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मि.मी., म्हणजे ४ कलांचे आहे. तरीही खेळाडू २० कलांच्या माशीने त्यात गोळी घालतात, कारण डोळा बिंदूपेक्षा समतोल अधिक बारकाईने ओळखतो.

खुल्या साइटीचा खरा धडा जुळणीचा आहे. माशी व खाच यांत २२ सेंटिमीटर अंतर असताना माशी खाचेच्या मध्यापासून अवघा एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी ११ सेंटिमीटरहून अधिक दूर जाते. हात मात्र सरळ राहून एक मिलिमीटर बाजूला गेला, तर गोळीही एकच मिलिमीटर बाजूस लागते. म्हणून नजर माशीवर ठेवावी व लक्ष्य थोडे पुसट दिसू द्यावे, असे शिक्षक सांगतात.

८. शाळेत करावयाचा प्रयोग

या प्रयोगास शस्त्र लागत नाही आणि आणूही नये. नेपानगर हे वृत्तपत्राच्या कागदाचे गाव. येथील कारखाना १९५६ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला. तेव्हा लक्ष्य करण्यास कागद शोधावा लागू नये.

जुन्या वर्तमानपत्रावर २० सेंटिमीटर व्यासाचा काळा गोल रंगवावा व त्याच्या मध्यावर ५ सेंटिमीटरचे पांढरे वर्तुळ काढावे. हे लक्ष्य भिंतीस लावून २५ मीटर दोरीने मोजून उभे राहावे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर डिंकाने एक खसखशीचा दाणा, एक मोठ्या दाण्याची मोहरी आणि ४ मि.मी. रुंदीची कागदी पट्टी चिकटवावी. तुकडा डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर हात लांब करून धरावा व एका डोळ्याने पाहावे.

सुमारे १ मि.मी.चा खसखशीचा दाणा ५ कलांचा ठिपका होतो व ५ सेंटिमीटरच्या वर्तुळाचा बराच भाग झाकतो. सुमारे २ मि.मी.ची मोहरी १० कलांची होते व ते वर्तुळ पूर्णपणे गिळते. हात हलू लागला की खसखस अधिक नाचते व मोहरी कमी, हे मुलांना स्वतःच दिसेल. शिवाय दाणा स्पष्ट पाहिला की लक्ष्य पुसट होते आणि लक्ष्य स्पष्ट पाहिले की दाणा पुसट होतो, हेही ध्यानात येईल. खुल्या साइटीची अडचण हीच, आणि समांतर किरणांचा ठिपका ती कशी टाळतो, हे येथे सांगता येईल.

९. कायदा व सुरक्षितता

दारूगोळ्याचे पिस्तूल बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना आवश्यक आहे. त्याविषयीची चौकशी जिल्हादंडाधिकारी कार्यालयात करावी. एअर पिस्तूल घेण्यापूर्वीही त्यास परवाना लागतो किंवा नाही, हे तेथेच विचारून घ्यावे. बेकायदा बनावटीच्या शस्त्रास हात लावणे हा खेळ नसून अपराध आहे, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. सराव मान्यताप्राप्त रेंजवर व प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावा. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजावे, नळी सदैव सुरक्षित दिशेस ठेवावी, नेम धरेपर्यंत बोट घोड्यापासून दूर असावे आणि लक्ष्यामागे काय आहे हे पाहिल्याखेरीज गोळी सोडू नये.

सारांश

ठिपक्याचा आकार कलेत मोजतात. योग्य ठिपका लक्ष्याचा मध्य भरतो, पण ओलांडत नाही. फार बारीक ठिपका हात स्थिर करीत नाही, फक्त त्याचे हलणे मोठे करून दाखवितो. ठिपका वाकडा दिसल्यास आधी डोळे तपासावेत. आणि ज्यास ऑलिंपिकच्या वाटेने जावयाचे आहे, त्याने ठिपक्याऐवजी माशी व खाच यांची जुळणी शिकावी.

स्वाध्याय

१. १५ मीटर अंतरावर ६ कलांचा ठिपका किती मिलिमीटर भाग झाकेल?
२. १० मीटरवरील ११.५ मि.मी.चे वर्तुळ न ओलांडणारा सर्वांत मोठा ठिपका किती कलांचा असेल?
३. आपल्या हाताची लांबी मोजून, ४ मि.मी.ची पट्टी तितक्या अंतरावर किती कलांची होते ते काढा.